दाइमोनझाकाची चढण आणि हेइआन काळातील यात्रावेश

जपानच्या की द्वीपकल्पाच्या दक्षिणेस, वाकायामा प्रांतात, दाइमोनझाका नावाची 267 दगडी पायऱ्यांची जुनी चढण आहे. शेवाळलेल्या पायऱ्यांच्या दुतर्फा सुगी जातीचे उत्तुंग वृक्ष उभे असून पायथ्याशी समोरासमोर वाढलेल्या दोन वृक्षांना तेथील लोक नवरा-बायको म्हणतात. भाड्याने मिळणारा हेइआन काळातील (794–1185) प्रवासवेश परिधान करून या वाटेने नाचीच्या देवस्थानाकडे आणि 133 मीटर उंचीच्या धबधब्याकडे जाण्याची येथे सोय आहे. वेश देखणा आहे, यात शंका नाही. परंतु तो मुळात देखणेपणासाठी नव्हता, आणि त्यामागचा इतिहास माहीत असेल तर याच पायऱ्या निराळ्या दिसू लागतात.

स्त्रियांच्या या वेशाला त्सुबोशोझोकु म्हणतात. राजधानी क्योटोतील उच्चकुलीन स्त्रीचे वस्त्र जमिनीवर लोळणारे असे, त्यामुळे प्रवासाला निघताना त्याचा घोळ वर ओढून, ओचा खोवावा तसा, कमरेशी बांधला जाई आणि पावले मोकळी होत. डोक्यावर इचिमेगासा ही मधोमध उंचवटा असलेली, रुंद काठाची टोपी असे. 'इचिमे' म्हणजे बाजारात विक्री करणारी स्त्री. म्हणजे जी टोपी आज राजघराण्याची खूण वाटते, ती मुळात बाजारातल्या कष्टकरी बायकांची होती. टोपीच्या काठावरून सोडलेला पातळ कापडाचा पडदा ऊन आणि किडे अडवी, शिवाय परपुरुषाच्या नजरेपासून चेहराही झाकी. छातीवरून पाठीमागे नेऊन बांधलेला तांबडा पट्टा मात्र शोभेचा नव्हता. आपण देवदर्शनासाठी व्रतस्थ आहोत, हे तो सांगत असे.

दाइमोनझाका ज्या प्रदेशात आहे त्याला कुमानो म्हणतात, आणि कुमानोची यात्रा म्हणजे होंगू, हायातामा आणि नाची या तेथील तीन देवस्थानांची वारी. निवृत्त सम्राट उदा 907 मध्ये येथे आले, 1090 मध्ये शिराकावा आले, आणि त्यानंतर राजघराण्याची रीघच लागली. निवृत्त सम्राट गो-शिराकावा तीसहून अधिक वेळा, तर गो-तोबा 28 वेळा ही वाट चालले. निघण्यापूर्वी काही दिवस स्वतंत्र घरात राहून आहाराचे, स्पर्शाचे आणि बोलण्याचेसुद्धा नियम पाळावे लागत. नंतर पांढरे जोए, ज्याला आपण सोवळ्याचे वस्त्र म्हणू, नेसून क्योटोहून योदो नदीतून नावेने ओसाकाकडे आणि पुढे किनाऱ्याच्या वाटेने दक्षिणेकडे प्रयाण होई. वाटेत ओजी नावाच्या लहान देवळांपाशी पूजा आणि नद्यांमध्ये स्नाने होत. होंगूला पोहोचताना ओतोनाशी नदी पायी ओलांडून, भिजलेल्या पेंढ्याच्या चपलांनीच देवळात शिरण्याची रीत होती. पांढऱ्या वस्त्रात जुन्या आयुष्याचा मृत्यू आणि नव्या जन्माची आशा, अशा दोन्ही गोष्टी सामावलेल्या होत्या.

1201 मध्ये गो-तोबा यांच्याबरोबर गेलेले कवी फुजिवारा नो तेइका यांची दैनंदिनी आजही उपलब्ध आहे, आणि मला या साऱ्या इतिहासात तीच सर्वांत जवळची वाटते. नाचीहून होंगूकडे जाणाऱ्या डोंगरवाटेवर त्यांना वादळी पावसाने गाठले. वाट इतकी अरुंद की टोपी सावरायलाही जागा नव्हती. इरल्यासारखा पेंढ्याचा झगा अंगावर असूनही पालखीत जणू समुद्र भरला होता. असा कष्टाचा रस्ता आपण पूर्वी कधी पाहिला नव्हता, असे ते नोंदवतात.

1221 च्या युद्धात गो-तोबा पराभूत झाले आणि राजघराण्याच्या वाऱ्या ओसरल्या. शेवटची 1281 मध्ये झाली. वाट मात्र ओस पडली नाही. योद्धे, शेतकरी आणि स्त्रिया इतक्या संख्येने येत की 'मुंग्यांची कुमानो-यात्रा' असा वाक्प्रचारच रूढ झाला. याच द्वीपकल्पातील कोया पर्वत या बौद्ध तीर्थावर स्त्रियांना बंदी असताना कुमानो त्यांना खुले होते. कवयित्री इझुमी शिकिबू वाटेत मासिक पाळी आल्याने थांबली, तेव्हा आपल्याला विटाळ नाही असे देवानेच स्वप्नात येऊन सांगितले, अशी आख्यायिका आहे. या सामान्य यात्रेकरूंचा वेश मात्र आज भाड्याने मिळणाऱ्या वेशाहून बराच वेगळा होता. एदो काळात (1603–1868) पायांना पट्ट्या, हातांना आच्छादने, गवती टोपी आणि बिनबाह्यांचा पांढरा अंगरखा, असा तो साधा थाट असे.

नाचीच्या देवतेला बौद्ध परंपरेत सहस्रभुज कान्नोनचे, म्हणजे अवलोकितेश्वराचे रूप मानले गेले. वाटसरूंना संकटांतून तारणारा हाच बोधिसत्त्व अजिंठा, कान्हेरी आणि औरंगाबादच्या लेण्यांत कोरलेला आहे. नाचीचा पहिला साधक भारतातून समुद्रमार्गे वाहत आलेला भिक्षू होता, अशीही तेथे श्रद्धा आहे.

मेइजी राजवटीने 1868 पासून शिंतो, म्हणजे जपानचा मूळ देवधर्म, आणि बौद्ध परंपरा सक्तीने वेगळ्या केल्या, तर 1906 नंतर देवळांच्या विलीनीकरणात अनेक ओजी नाहीशी झाली आणि त्यांच्या देवराया तोडल्या गेल्या. तानाबे गावचे निसर्ग-अभ्यासक मिनाकाता कुमागुसु यांनी याला कडाडून विरोध केला, त्यासाठी 1910 मध्ये कोठडीही भोगली. त्सुगिझाकुरा ओजीचे काही प्रचंड सुगी त्यांच्यामुळेच वाचले. 2004 मध्ये युनेस्कोने या वाटा जागतिक वारसा म्हणून नोंदवल्या.

आज हेइआन वेश मुख्यतः दाइमोनझाका आणि नाचीच्या परिसरात दिसतो. ताकिजिरी ओजीपासून होंगूपर्यंतची सुमारे 38 किलोमीटरची वाट लोक आजच्या बुटांनीच चालतात. होंगूचे देऊळही 1889 च्या महापुरानंतर नदीच्या बेटावरून उंचावर हलवले गेले, त्यामुळे ओल्या चपलांनी देवापुढे उभे राहण्याची वेळ आता कोणावर येत नाही.