कॉगिंग आणि रेडियल बल: लसावि पाहताना मसावि विसरला जातो

परमनंट मॅग्नेट मोटरचा शाफ्ट हाताने फिरवायचा आणि तो अडखळला नाही की ‘ही शांत चालणार’ असं सांगून मोकळं व्हायचं. हा निष्कर्ष इतक्या वेळा वाचायला मिळतो की त्यावर एकदा नीट लिहायलाच हवं. हाताला जाणवतं ते कॉगिंग, म्हणजे फिरताना बसणारे गचके. कानाला त्रास देतं ते बहुतेक वेळा रेडियल बल, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने ओढणारं बल. दोन्ही रोटर (फिरणारा भाग) आणि स्टेटर (स्थिर भाग) यांच्यामधल्या एकाच हवेच्या फटीत जन्माला येतात, पण त्यांची दिशा वेगळी, वारंवारता वेगळी आणि उपायही वेगळे.

कॉगिंग सगळ्यांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. करंट शून्य असतानाही मॅग्नेट स्टेटरच्या दातांसमोर स्थिरावू पाहतात, त्यामुळे गचके बसतात. एका फेरीतल्या गचक्यांची संख्या म्हणजे स्लॉट (स्टेटरच्या दातांमधल्या खाचा) आणि पोल (मॅग्नेटचे ध्रुव) यांच्या संख्यांचा लसावि. १२ स्लॉट ८ पोलला २४, १२ स्लॉट १० पोलला ६०, ९ स्लॉट ८ पोलला ७२. लसावि मोठा असेल तर गचके बारीक होतात आणि हाताला कळेनासे होतात. लोडवर येणारा टॉर्क रिपल (टॉर्कचा, म्हणजे फिरवणाऱ्या जोराचा चढउतार) हे तिसरंच प्रकरण आहे. तो मुख्यतः विद्युत वारंवारतेच्या (सेकंदातल्या फेऱ्या गुणिले पोलच्या जोड्या) सहापटीवर येतो, इथे तो बाजूला ठेवू.

आता खरी गफलत. फटीतला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) दातांना रोटरकडे, म्हणजे आतल्या दिशेने ओढतो. हा दाब फ्लक्स घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ०.९ टेस्लाला तो सुमारे ३२० किलोपास्कल भरतो. टॉर्क देणारा स्पर्शरेषेतला ताण सहसा त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. म्हणजे स्टेटरला वाकवणारं मोठं बल टॉर्कच्या दिशेने नाहीच, ते शाफ्टला हात लावून कळणार कसं?

मात्र केवळ दाबाचा आकडा पुरेसा नाही. परिघावर तो दाब कोणत्या आकारात पसरतो यावर सगळं ठरतं, आणि तिथे मसावि लागतो. स्लॉट आणि पोल यांचा मसावि म्हणजे, शून्य सोडून, रेडियल बलाचा सर्वांत खालचा क्रम (परिघावरच्या फुगवट्यांची संख्या). १२/१० चा मसावि २, म्हणून स्टेटर लंबगोल होतो आणि ती लंबगोल लाट फिरत राहते. १२/८ चा मसावि ४, तिथे परिघावर चार फुगवटे येतात. ९/८ चा मसावि १, तिथे रोटर एका बाजूला ओढला जातो आणि मार बेअरिंगला बसतो. हाताला सर्वांत मऊ वाटणारी ९/८ या यादीत सर्वांत वाईट ठरते ती यामुळे.

दोन क्रमांतला फरक किती मोठा आहे ते बघा. क्रम २ पासून पुढे, क्रमाच्या वर्गातून १ वजा करून त्याचा पुन्हा वर्ग करा. स्टेटर तितक्या पटीने कमी वाकतो. क्रम २ ला हा आकडा ९ येतो, क्रम ४ ला २२५. तितक्याच दाबाला लंबगोल आकार २५ पट जास्त हलतो. वारंवारताही वेगळी: ३००० आरपीएमला १२/१० चं कॉगिंग ३००० हर्ट्झवर येतं, तर लंबगोल बल विद्युत वारंवारतेच्या दुप्पट, म्हणजे ५०० हर्ट्झवर.

आवाजावर सरसकट सुचवला जाणारा उपाय म्हणजे स्क्यू, म्हणजे मॅग्नेट किंवा स्लॉट लांबीभर थोडे तिरके ठेवणं. १२/१० मध्ये ३६० भागिले ६०, म्हणजे ६ अंशांचा स्क्यू दिला की कॉगिंगचा मुख्य घटक नाहीसा होतो. पण त्याच ६ अंशांत लंबगोल बलाची फेज स्टॅकच्या (लोखंडी पत्र्यांच्या थप्पीच्या) लांबीभर जास्तीत जास्त ६० अंशांनी सरकते. बल जेमतेम ४.५ टक्के घटतं, म्हणजे ०.४ डेसिबल. बदल्यात टॉर्क १.१ टक्का जातो आणि तो भरून काढायला कॉपर लॉस (वाइंडिंगच्या तांब्यात वाया जाणारी ऊर्जा) सुमारे २.३ टक्के वाढतो. कॉगिंगसाठी स्क्यू जरूर द्या, आवाजाच्या नावावर तो खपवू नका.

आवाजासाठी पैसा आणि जागा योकवर (दातांच्या मागच्या स्टेटरच्या लोखंडी कड्यावर) खर्च करावी, हे माझं ठाम मत. योक २० टक्के जाड केला तर वाकणं जाडीच्या घनाने घटून ५८ टक्क्यांवर येतं. योकमधली फ्लक्स घनताही उतरते, त्यामुळे लोखंडाचं वजन वाढूनही तिथला आयर्न लॉस (लोखंडात वाया जाणारी ऊर्जा) साधारण १७ टक्के कमी होतो. अट एकच: ही जाडी बाहेरच्या व्यासातून मिळवा. स्लॉट उथळ करून मिळवली तर तांब्याची जागा जाते आणि नफा कॉपर लॉसमध्ये बुडतो.

शांतता ही पहिली गरज असेल तर १२/१० ऐवजी १२/८ घ्या, पण किंमत ओळखून. वाइंडिंग फॅक्टर (वाइंडिंग फ्लक्सचा किती भाग उपयोगात आणतं ते प्रमाण) ०.९३३ वरून ०.८६६ वर येतो, त्यामुळे तेवढ्याच टॉर्कला कॉपर लॉस १६ टक्के वाढतो. त्याच वेगाला वारंवारता २० टक्क्यांनी उतरते, त्याने आयर्न लॉस घटतो. मात्र प्रत्येक पोलचा फ्लक्स २५ टक्के वाढत असल्याने योक तितकाच जाड करावा लागतो, नाहीतर घनता चढून तो फायदा निसटतो. हाताला जाणवणारे २४ गचके मग मॅग्नेटच्या कडा उतरवून किंवा स्क्यूने आवरता येतात.

तयार मोटरमध्ये दोषी कोण हे ओळखायला वेग हळूहळू चढवत कंपनं नोंदवा. १२/१० मध्ये फेरीच्या १० पटीवरची रेषा रेडियल बलाची. ६० पटीवर कॉगिंग दिसतं, पण तिथे स्टेटर सगळीकडून एकदम फुगवणारं रेडियल बलही असू शकतं, म्हणून तेवढ्यावर कॉगिंगला दोष देऊ नका. आकार तपासायला एक सेन्सर जागेवर ठेवा आणि दुसरा परिघावर २२.५ अंशांनी सरकवत १६ ठिकाणी मोजा. दर ठिकाणी फेज ४५ अंशांनी बदलला तर क्रम २, ९० अंशांनी बदलला तर क्रम ४. बाराच ठिकाणी मोजलं तर क्रम १० ची लाट क्रम २ सारखी दिसते.

हॅमर टेस्ट (हातोडीने ठोकून नैसर्गिक वारंवारता मोजणं) नुसत्या स्टॅम्पिंगच्या स्टॅकवर करू नका. वाइंडिंग आणि वॉर्निशने वजन आणि ताठपणा दोन्ही बदलतात, बॉडीत बसवल्यावर पुन्हा बदलतात. जोडणी झालेल्या मोटरमध्ये लंबगोल आकाराची नैसर्गिक वारंवारता ८०० हर्ट्झ निघाली, तर १२/१० मोटर ४८०० आरपीएमला ओरडेल. तो वेग कामाच्या पट्ट्यात येत असेल तर योकची जाडी पुन्हा ठरवा.