वाहक पटल (नेत्रपृष्ठावरील मूलपेशी रोपण)

पारपटल (कॉर्निया, डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्या सीमेवर लिंबस नावाचा अरुंद पट्टा असतो. पारपटलाच्या वरच्या थराची झीज भरून काढणाऱ्या मूलपेशी तिथेच राहतात. चुन्याने किंवा आम्लाने डोळा भाजला की त्या नष्ट होतात, नेत्रश्लेष्मा (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरण) रक्तवाहिन्यांसह पारपटलावर सरकते आणि दृष्टी जाते. अशा वेळी निरोगी डोळ्यातून १ ते २ चौ. मिमी. तुकडा घेऊन पेशी वाढवतात. तयार झालेला थर इतका पातळ असतो की चिमट्याने उचलताच गुंडाळतो किंवा फाटतो. म्हणून त्याला पेलणारे वाहक पटल लागते.

सर्वाधिक वापर वारेच्या आतील ॲम्निऑन पडद्याचा होतो. नियोजित सिझेरियनमधून, मातेची एचआयव्ही, कावीळ ब व क आणि सिफिलिससाठी तपासणी करून तो घेतात, प्रतिजैविकाच्या द्रावणात धुतात आणि ग्लिसरॉल व संवर्धन माध्यम (पेशी वाढवण्याचे पोषक द्रावण) समप्रमाणात घेऊन -८०° से.ला साठवतात. वापरापूर्वी पेशींची पकड सैल करणारे ईडीटीए किंवा ट्रिप्सिन लावून त्याच्या मूळ पेशी बोथट पात्याने हलकेच खरवडतात. खरी कसोटी इथेच लागते: जास्त खरवडले तर तळपटल (पेशी ज्यावर बसतात तो पातळ थर) फाटते व नव्या पेशी चिकटत नाहीत, कमी पडले तर उरलेल्या जुन्या पेशी जागा अडवतात. बाजू ओळखायला कोरडा स्पंज टेकवावा. ज्या बाजूचे चिकट तंतू ओढले जातात ती खाली, तळपटल वर. सुरकुती राहिली तर थर तिथे तुटक वाढतो. ३७° से. व ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये पेशींचा थर तयार व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. दात्यागणिक जाडी व पारदर्शकता बदलते, हा या पडद्याचा मोठा दोष.

फायब्रिन (रक्ताच्या गुठळीतील प्रथिन) हे फायब्रिनोजेन व थ्रॉम्बिन मिसळून हवे तसे एकसारखे बनवता येते आणि रोपणानंतर विरघळून जाते. मात्र वाढणाऱ्या पेशीच त्याला आधी विरघळवू लागतात, म्हणून माध्यमात हे विरघळणे रोखणारे ॲप्रोटिनिन घालतात. युरोपात २०१५ मध्ये मान्यता मिळालेल्या होलोक्लार या मूलपेशी-उपचारामध्ये हाच आधार आहे.

तापमानानुसार बदलणाऱ्या पॉलिमरवर पेशी ३७° ला चिकटतात आणि ३२° च्या खाली विकरांशिवाय अखंड सुटतात. डोळ्यात परके काही उरत नाही, पण सुटलेला थर आकसतो. म्हणून तो कड्याच्या आकाराच्या आधारावर उचलतात. दाबून घट्ट केलेले कोलॅजेन, रेशमातील फायब्रॉइन आणि सिलिकॉन हायड्रोजेलची काँटॅक्ट लेन्स हेही पर्याय अभ्यासले गेले आहेत.

पटलाच्या निवडीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व त्यावरील पेशींना आहे. इटलीतील २०१० च्या अभ्यासात फायब्रिनवर वाढवलेल्या थरात, वसाहती बनवणाऱ्या पेशींपैकी पी६३ (मूलपेशींची खूण मानले जाणारे प्रथिन) ठळक दाखवणाऱ्या पेशी ३ टक्क्यांहून जास्त होत्या तेव्हा ७८ टक्के रोपणे यशस्वी झाली. ३ टक्के किंवा त्याहून कमी असताना केवळ ११ टक्के.