गोळीचा फॉर्म्युला बसवताना एकेकच गोष्ट का बदलू नये

बेळगावात फार्मसी कॉलेजं बरीच आहेत, खानापूर, निपाणी, चिकोडीकडनं पोरं एम फार्मला येतात, आणि प्रोजेक्ट सुरू झाला की बऱ्याच जणांना पहिलं हेच सुचतं की आधी बाइंडर (पावडर एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) वाढवून बघू, मग तो फिक्स करून कॉम्प्रेशन फोर्स (गोळी दाबायचा जोर) वाढवून बघू. दिसायला एकदम शिस्तीचं काम, पण नेमकी महत्त्वाची गोष्ट यात निसटते.

समजा बाइंडर कमी, फोर्स पण कमी, तर गोळी पाण्यात 4 मिनिटांत फुटते. नुसता बाइंडर वाढवला तर 6, नुसता फोर्स वाढवला तर 7. मग दोन्ही वाढवले तर 9 होतील असंच वाटणार की! आणि बॅच काढली तर निघतात 19. कोटिंग नसलेल्या साध्या गोळीला लिमिट 15 मिनिटांचं, म्हणजे बॅच फेल. दोघं मिळून एकमेकांचा परिणाम वाढवतात, याला इंटरॅक्शन म्हणतात, आणि दोन्ही एकदम वाढवून बघितल्याशिवाय ते कळतच नाही.

फॅक्टोरियल डिझाईन, म्हणजे घटकांच्या लेव्हलच्या सगळ्या जोड्या करून बघायची आखणी, हेच करतं. तीन घटक, प्रत्येकाच्या दोन लेव्हल (कमी आणि जास्त), झाल्या 8 बॅच. यातली प्रत्येक बॅच तिन्ही घटकांच्या हिशोबात धरली जाते, 4 विरुद्ध 4 अशी तुलना, त्यामुळे महागडं औषध वाया जात नाही. घटक खूप असले तर बॅच कमी करायला ऑर्थोगोनल अ‍ॅरे, म्हणजे मोजक्याच पण समतोल जोड्यांचे तक्ते, कामाला येतात, ते 1940 च्या दशकात मांडले संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी, जन्म आपल्याच कर्नाटकातल्या हडगलीचा, मला याचं फार कौतुक वाटतं.

आणि बॅचचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा हं, हे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरनं 1920 च्या दशकात इंग्लंडमधल्या शेतीच्या प्रयोगांतनं शिकवलं. आपल्याकडं जुलैत हवा इतकी दमट असते की पावडर ओल धरते, मग कमी बाइंडरच्या सगळ्या बॅच कोरड्या दिवशी आणि जास्तच्या पावसात काढल्या तर फरक बाइंडरचा की पावसाचा, कसं सांगणार?

पुढं ऑप्टिमायझेशन, म्हणजे सगळ्यात चांगलं प्रमाण शोधणं. गोळी कडक पण पाहिजे आणि लवकर फुटली पण पाहिजे, दोन्ही एकमेकांविरुद्ध ओढतात, म्हणून सॉफ्टवेअर समीकरणं बसवून दोन्ही अटी पाळणारी जागा दाखवतं. रंगीत ग्राफ बघून लगेच खूश होऊ नका, त्या जागेची एक बॅच खरोखर काढा, आणि मधल्या लेव्हलच्या दोन-तीन बॅच सुरुवातीपासूनच प्लॅनमध्ये ठेवा, कारण नुसत्या दोन टोकांवरनं मधे वळण आहे का ते दिसत नाही.