रक्षासूत्र नेताय, मंत्रही न्या

श्रावण पौर्णिमा जवळ आली की आमच्या मालवणच्या दुकानात दोऱ्याला मागणी वाढते. कुणाला राखी हवी असते, कुणाला पूजेचं लाल-पिवळं रक्षासूत्र, कुणाला श्रावणीसाठी जानवं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की मोसमाला खरं तोंड लागतं. त्या दिवसांत गल्ल्यापाशी एक प्रश्न हमखास येतो: "बांधल्यार होडयेक काय होवचा नाय, असो दोरो आसा काय?"

नाही. 'सिद्ध केलेला' दोरा आमच्याकडे मिळत नाही आणि त्या नावाखाली आम्ही एक रुपयाही जास्त घेत नाही. दोरा सुताचा आहे. रक्षा मागायची ती शब्दांनी, आणि ते शब्द बांधणाऱ्याच्या तोंडून यायला हवेत. म्हणून प्रत्येक पुडीत हा कागद घालतो.

बांधताना म्हणायचं ते असं:

येन बद्धो बली राजा दानवेन्द्रो महाबलः ।
तेन त्वामभिबध्नामि रक्षे मा चल मा चल ॥

अर्थ सरळ आहे. ज्या रक्षेनं महाबली दानवराजा बळीला बांधलं, तिनंच मी तुला बांधतो. हे रक्षे, ढळू नकोस, ढळू नकोस. शेवटचे शब्द माणसाला नाही, दोऱ्याला सांगितलेले आहेत. घाईघाईत पुष्कळजण 'माचल माचल' म्हणून मोकळे होतात. 'मा' म्हणजे 'नको'. तो 'चल'पासून सुटा ऐकू आला पाहिजे, नाहीतर विनवणीतला नकारच गळून जातो. आणि हा बळी परका नव्हे. दिवाळीत पाडव्याला 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतो, तोच हा.

दुसरी मागणी रामरक्षेची. बुधकौशिक ऋषींच्या या स्तोत्रात 38 श्लोक आहेत, आणि खरं कवच चौथ्या श्लोकाच्या उत्तरार्धापासून नवव्यापर्यंत आहे. 'शिरो मे राघवः पातु' इथून सुरुवात होते आणि कपाळ, डोळे, कान, नाक असं करत पाठ पावलांपर्यंत उतरतो. 'पातु' म्हणजे रक्षण करो. प्रत्येक अवयवाला रामाचं वेगळं नाव नेमलेलं आहे. बाहूंवर शिवधनुष्य मोडणारा, गुडघ्यांवर सेतू बांधणारा. समुद्राकाठच्या माणसानं त्या 'सेतुकृत्'पाशी क्षणभर थांबावं असं आम्हाला मनापासून वाटतं. तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर मुलांना हे साडेपाच श्लोक त्या त्या अवयवाला बोट लावून शिकवा. 'जानुनी' म्हणताना गुडघ्यावर हात गेला की अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आमच्या पुस्तिकेत हा भाग मोठ्या टायपात, जोडशब्द सोडवून छापला आहे, कारण आजी-आजोबांनाही तो चष्म्याशिवाय दिसायला हवा.

गणपती अथर्वशीर्षात रक्षा शरीराची नसून दिशांची आहे. 'अव' म्हणजे सांभाळ. पश्चिमेकडून, पूर्वेकडून, उत्तरेकडून, दक्षिणेकडून, वरून आणि 'अवाधरात्तात्', खालूनही. होडीवरच्या माणसाला हा शेवटचा शब्द समजावून द्यावा लागत नाही.

संस्कृत जमत नाही म्हणून संकोच करू नका. आपलं गाऱ्हाणं तेच काम करतं. देवाला हाक मारायची, मुलाबाळांचं, गुराढोरांचं, वाटेवरच्या माणसाचं नाव घेऊन राखण मागायची आणि सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तिथेही एकेक गोष्ट नावानं सांगतात. काही विसरू नये, ही काळजी दोन्हीकडे सारखीच.

एक कळकळीची विनंती. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा लागला असेल तर दोरा बांधलेला हातही होडी ढकलू नये. लाईफ जॅकेट अंगावर असू द्या. ताप उतरत नसेल तर डॉक्टरकडे आधी जा, रामरक्षा वाटेत म्हणा. असे मंत्र म्हणणारा माणूस स्वतःला जपणारा असावा, एवढीच आमची अपेक्षा.

जुना दोरा तुटला की समुद्रात टाकू नका. आमचा सुताचा आहे, तो तुळशीच्या किंवा माडाच्या मुळाशी पुरलात तर कुजून जाईल. जरीच्या आणि नायलॉनच्या राख्या मात्र कुजत नाहीत. त्या दुकानात आणून द्या, आम्ही वेगळ्या जमा करतो.