चौकोनी घड्याळात गोल रोटर

भाच्याचा साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे. परवा त्याने थेट घड्याळाच्या दुकानातून फोन केला. "मामा, दोन पसंत पडलीत. दोन्ही चौकोनी, काळा पट्टा, पांढरी डायल, रोमन आकडे. एक सेलचं आहे, एक ऑटोमॅटिक. दुकानदार म्हणतोय, सेलचं म्हणजे स्वस्तातलं काम, घ्यायचं तर ऑटोमॅटिकच घ्या. किंमत दुप्पट आहे. घेऊ का?" मी म्हटलं, घाई करू नकोस, आधी दोन्हींची रुंदी आणि जाडी विचारून मला कळव.

ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं घड्याळ, वरच्या दर्जाचं, हा समज गोल घड्याळापुरता एक वेळ चालून जातो. आयताकृती घड्याळात त्याची गाठ भूमितीशी पडते, आणि तिथे भूमिती कुणाचं ऐकत नाही.

कोणत्याही घड्याळाला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे ठरावीक लयीत हलत राहणारं काहीतरी, आणि दुसरी म्हणजे त्याला हलतं ठेवणारी ऊर्जा. यांत्रिक घड्याळात बॅलन्स व्हील नावाचं छोटं चाक एका केसाएवढ्या स्प्रिंगच्या जोरावर मागेपुढे झुलतं. बऱ्याच घड्याळांत हे तासाला २८,८०० वेळा घडतं, म्हणजे सेकंदाला आठदा. ऑटोमॅटिकचा सेकंदकाटा तरंगत जातो असं जाहिरातीत सांगतात, पण तो प्रत्यक्षात सेकंदाला आठ बारीक उड्या मारत असतो. सेलच्या घड्याळात हेच काम क्वार्ट्झचा स्फटिक करतो. दाबला की स्फटिकात विद्युतदाब तयार होतो, हे पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलट, विद्युतदाब दिला की स्फटिक किंचित वाकतो. घड्याळातला स्फटिक दोन दातांच्या चिमट्यासारखा कापलेला असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याला दोनने भागा, पुन्हा दोनने भागा, असं पंधरा वेळा केलं की नेमका एक उरतो. चिप हेच करते आणि दर सेकंदाला एकदा काट्याच्या मोटारीला टोचणी देते. चांगलं यांत्रिक घड्याळ दिवसाला पाच-दहा सेकंद इकडेतिकडे होतं. साधं सेलचं घड्याळ महिन्याला पंधरा-वीस. २५ डिसेंबर १९६९ ला सेइकोने ॲस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं, तेव्हाच अचूकतेचा प्रश्न निकालात निघाला.

आता ऊर्जेकडे येऊ. ऑटोमॅटिकमध्ये सेल नसतो. मागच्या बाजूला अर्ध्या चकतीच्या आकाराचा जड धातूचा तुकडा मध्यभागी एका आसावर टेकवून मोकळा सोडलेला असतो. तो रोटर. हात हलला की तो घरंगळतो आणि गिअरमधून मुख्य स्प्रिंग गुंडाळत राहतो. घड्याळ कानाशी धरून हलवलंत तर त्याची बारीक खरखर ऐकू येते. पूर्ण गुंडाळलेल्या स्प्रिंगमध्ये साठते ती ऊर्जा जेमतेम अर्धा ज्यूल. पन्नास ग्रॅमचं लिंबू जमिनीवरून एक मीटर उचलायला तेवढीच लागते. त्यावर घड्याळ साधारण चाळीस तास चालतं, हे मला आजही अद्भुत वाटतं.

ही स्प्रिंग गुंडाळायला रोटरमध्ये किती जोर असतो? त्याचं वजन गुणिले, वजनाचा मध्य आसापासून जितका दूर तितकं अंतर. शाळेतला तरफेचा नियमच. आता रोटर लहान करून पाहू. जाडी तीच ठेवली तर वजन क्षेत्रफळावर, म्हणजे त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असतं. आणि वजनाचा मध्यही त्रिज्येच्या प्रमाणातच आत सरकतो. वर्ग गुणिले त्रिज्या, म्हणजे घन. रोटरची फिरवण्याची ताकद त्रिज्येच्या घनाप्रमाणे बदलते.

आकडे घालू. गोल घड्याळातल्या रोटरची त्रिज्या १३ मिमी धरू, आणि चौकोनी घड्याळात बसावा म्हणून ती १० केली. तीनच मिलिमीटर कमी. पण १३ चा घन २,१९७ आणि १० चा घन १,०००. ताकद निम्म्याच्याही खाली आली. हे हात सावकाश कलता होत असताना. हाताला झटका बसून मनगट वळतं तेव्हा कामाला येतं ते रोटरचं जडत्व, आणि ते त्रिज्येच्या चौथ्या घातावर जातं. १०,००० भागिले २८,५६१, म्हणजे जेमतेम पस्तीस टक्के. स्प्रिंगची भूक मात्र तशीच राहते, अर्ध्या ज्यूलची.

आयताची खरी अडचण इथे आहे. फिरणाऱ्या वस्तूला वर्तुळच हवं, आणि आयतात मावणाऱ्या वर्तुळाचा व्यास ठरवते ती आखूड बाजू. लांबीच्या दोन्ही टोकांना जागा रिकामी पडलेली असते, पण रोटरला ती वापरताच येत नाही. मग तीन वाटा उरतात. रोटर सोन्याचा किंवा टंगस्टनच्या मिश्रधातूचा करायचा, कारण हे पितळेच्या जवळजवळ दुप्पट जड असतात. नाहीतर घड्याळ जाड करायचं. किंवा सरळ मोठंच करायचं.

या प्रकारातलं सगळ्यात प्रसिद्ध घड्याळ म्हणजे कार्तिएचं टँक. लुई कार्तिएने १९१७ मध्ये त्याचा आकार काढला. पहिल्या महायुद्धातला रेनॉ रणगाडा वरून जसा दिसतो, तसा. २०२१ मध्ये आलेल्या टँक मस्ट मालिकेत क्वार्ट्झचं मोठं घड्याळ ३३.७ बाय २५.५ मिमी आहे आणि जाडी ६.६. त्याच मालिकेतलं ऑटोमॅटिक ४१ बाय ३१, जाडी ८.४. आतल्या ऑटोमॅटिक यंत्राचा व्यासच सुमारे साडेपंचवीस मिमी. क्वार्ट्झवाल्या घड्याळाची बाहेरून मोजलेली रुंदी जेवढी, तेवढं इथे नुसतं यंत्र. आकार वाढवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

यावर जुन्या लोकांनी लढवलेली एक शक्कल माझी फार लाडकी आहे. १९३० च्या सुमारास लिऑं आतो या फ्रेंच रचनाकाराने रोल्स नावाचं आयताकृती ऑटोमॅटिक केलं. त्यात रोटरच नाही. अख्खं यंत्रच बारीक गोळ्यांवर बसवलेलं, आणि हात हलला की ते घड्याळाच्या कवचाच्या आत लांबीच्या दिशेने मागेपुढे सरकायचं. स्वतःच्याच वजनाने स्वतःला चावी देणारं घड्याळ! आयताची जी लांबी रोटरला निरुपयोगी, तीच त्याने कामाला लावली. कल्पना टिकली नाही, पण अडचण नेमकी कुठे आहे हे त्याला पुरतं उमगलं होतं.

यांत्रिकच हवं असेल तर आयताला शोभतं ते चावीचं. रोटर नसला की यंत्र हव्या त्या आकारात कापता येतं. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळाच्या काचा फुटू नयेत म्हणून १९३१ मध्ये जेजर-लकुल्त्रने रिव्हर्सो काढलं. डायल उलटी करून आत लपवता येणारं हे घड्याळ आजही बहुतेक चावीचंच असतं. याच कंपनीचं १९२९ मधलं १०१ क्रमांकाचं यंत्र १४ बाय ४.८ मिमी आहे आणि वजन एक ग्रॅमच्या आसपास.

आणि सेलचं? मागच्या आठवड्यात माझं एक जुनं चौकोनी घड्याळ जेवणाच्या टेबलावर पांढऱ्या रुमालावर उघडलं. चार कोपऱ्यांतले चार स्क्रू निघाल्यावर दिसली पांढऱ्या प्लास्टिकची चौकट आणि तिच्या मधोमध चिमुकलं यंत्र. सेल शर्टाच्या बटणाएवढा. शेजारी केसाहून बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि तांदळाच्या दाण्याएवढी चकचकीत नळी. स्फटिक त्या नळीत. फिरणारं जड असं काहीच नाही, म्हणून आकाराची सक्तीही नाही. त्या बटणात शंभरेक ज्यूल मावतात, म्हणजे गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या दोनशेपट. टायटनने आपल्या एज या घड्याळासाठी क्वार्ट्झ यंत्र १.१५ मिमी जाडीपर्यंत आणून दाखवलं. हे स्वस्तातलं काम नव्हे.

असं घड्याळ वर्षातून किती वेळा मनगटावर चढतं, हाही प्रश्न आहे. लग्न, मुंज, एखादा सत्कार. बाकी दिवस ते कपाटात. ऑटोमॅटिक तिथे दोन दिवसांत थांबणार आणि दर वेळी नव्याने वेळ लावावी लागणार. त्यावरून आठवलं. बंद घड्याळ घरात ठेवू नये, वास्तुदोष लागतो, असं अनेक घरांत मानतात, आणि त्या भीतीने कपाटातल्या ऑटोमॅटिकला दिवसरात्र फिरवत ठेवणारी महागडी यंत्रंही घेतली जातात. थांबलेलं घड्याळ म्हणजे सुटलेली स्प्रिंग. त्यात अशुभ काहीही नाही, उलट चाकांची झीज तेवढी वाचते. जपायचं असेल तर सेलच्या घड्याळाला जपा. मेलेला सेल आत तसाच राहिला तर पाझरतो आणि यंत्र खातो.

पाण्याचंही सांगतो. गोल झाकण आटे फिरवून घट्ट बसतं, रबरी कड्यावर सगळीकडून सारखा दाब येतो. चौकोनी झाकणाला आटे पाडता येत नाहीत, आणि कोपऱ्यांत दाब सारखा ठेवणं अवघड जातं. तेव्हा हळदीला हे हातात नको.

संध्याकाळी भाच्याचा निरोप आला. सेलचं रुंदीला २५ मिमी, जाडी साडेसहा. ऑटोमॅटिक रुंदीला ३१, जाडी अकरा. त्याचं मनगट सोळा सेंटिमीटरचं. अकरा मिमीचं घड्याळ शर्टाच्या बाहीखाली जातच नव्हतं, हे त्याने दुकानात घालून पाहिलं होतं. सेलचं घेतलं. उरलेल्या पैशांतून पुढे कधीतरी चावीचं घ्यायचं त्याच्या मनात आहे. मी त्याच्या डबीत एक चिठ्ठी टाकून ठेवली आहे, तीवर सेल कोणत्या महिन्यात बसवला ते लिहिलंय.