शासन निर्णयाचा संदर्भ (शोधलेखन)

शासन निर्णयाचा, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या जीआरचा, प्रबंधात किंवा शोधनिबंधात दाखला देण्याची पद्धत. वाचकाला नेमका तोच कागद हाती लागावा, ही तिची कसोटी. ‘एका जीआरनुसार’ एवढेच लिहिले तर दाखला दिलाच नाही असे समजावे. एकाच विषयावर एकाच विभागाचे कितीतरी निर्णय, परिपत्रके आणि शुद्धिपत्रके निघालेली असतात.

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयावर लागणारा तपशील छापलेलाच असतो. वर विषय, त्याखाली विभाग, क्रमांक आणि दिनांक. क्रमांकातले ‘प्र.क्र.’ म्हणजे प्रकरण क्रमांक. शेवटच्या तिरक्या रेघेपुढे बहुधा कार्यासन येते, म्हणजे मंत्रालयात फाइल जिथून चालली ते टेबल. हा क्रमांक जसाच्या तसा उतरवावा. अलीकडच्या निर्णयांच्या शेवटी संगणक सांकेतांकही असतो. शासनाच्या संकेतस्थळावर त्यावरून कागद शोधता येतो, म्हणून तो कधीच गाळू नये. सुरुवातीचा ‘वाचा’ हा भाग अनेकजण घाईत ओलांडून जातात. संशोधकाचे घबाड मात्र तिथेच असते: आधीच्या निर्णयांची यादी, आणि तिच्यावरून धोरण कसकसे बदलत गेले याचा माग.

कायद्याच्या कागदांची सरमिसळ ही प्रबंधांतली नेहमीची चूक. अधिनियम विधिमंडळ करते. त्याने दिलेल्या अधिकारात शासन नियम करते आणि ते राजपत्रात येतात. शासन निर्णय हा कार्यकारी आदेश; संविधानाच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे तो राज्यपालांच्या नावाने निघतो. केंद्राच्या अधिसूचनेला राजपत्रातला क्रमांक द्यावा लागतो. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना एस.ओ. १५३३ (ई) आहे. त्यातला ‘एस.ओ.’ म्हणजे वैधानिक आदेश (स्टॅच्युटरी ऑर्डर) आणि ‘ई’ असाधारण राजपत्राचा. तिच्यात पुढे वारंवार दुरुस्त्या झाल्या, त्यामुळे कोणत्या तारखेपर्यंतचा पाठ वापरला तेही सांगावे.

नावेही बदलतात. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आता ‘मुंबई’ऐवजी ‘महाराष्ट्र’ या नावाने ओळखला जातो. साठच्या दशकातल्या कुळांविषयी लिहिताना जुने नाव ठेवून कंसात आजचे द्यावे; ‘१९४८ चा ६७’, म्हणजे त्या वर्षीचा ६७ वा अधिनियम, हा क्रमांक दोन्ही नावांना जोडतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्यविषयक २०१८ च्या विनियमांत इतर लिखाणाशी असलेले साम्य मोजताना कायद्यांचा मजकूर वगळण्याची तरतूद आहे. तरीही कलमाची भाषा अवतरणचिन्हांत आणि कलम क्रमांकासहच द्यावी, कारण मूळ शब्द कुठे संपले आणि अभ्यासकाचा अर्थ कुठे सुरू झाला, हे वाचकाला त्यावरूनच कळते.