डीप पर्पलमधील वाद आणि सदस्यबदल

डीप पर्पल हा ब्रिटिश हार्ड रॉक बँड १९६८ मध्ये इंग्लंडमधील हर्टफर्ड येथे सुरू झाला. त्यातली माणसे इतक्यांदा बदलली, की प्रत्येक संचाला ‘मार्क’ लावून क्रमांक देण्याची प्रथाच पडली. ड्रमर इयन पेस तेवढा सगळ्या संचांत आहे. बदलांची कारणे निरनिराळी असली, तरी १९९३ पर्यंतचे बहुतेक वाद गिटारवादक रिची ब्लॅकमोरपाशी येऊन ठेपतात.

पहिला बदल गुपचूप झाला. ब्लॅकमोर, ऑर्गनवादक जॉन लॉर्ड आणि पेस यांना १९६९ मध्ये अधिक दणकेबाज संगीत हवे होते आणि गायक रॉड एव्हान्सच्या मऊ आवाजाला ते पेलणारे नव्हते. एपिसोड सिक्स या बँडमधून गायक इयन गिलन आणि बासवादक रॉजर ग्लोव्हर यांना आणले गेले. पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात नव्या संचाच्या तालमी चालू होत्या, तेव्हा एव्हान्स आणि बासवादक निक सिम्पर ठरलेले कार्यक्रम करतच होते. आपल्या जागा भरल्या गेल्याचा त्यांना पत्ताही नव्हता. व्यवहार म्हणून निर्णय अचूक ठरला. वागणूक म्हणून त्याचे समर्थन अवघड आहे.

या ‘मार्क २’ संचानेच ‘इन रॉक’ (१९७०) आणि ‘मशीन हेड’ (१९७२) हे अल्बम केले. ऑगस्ट १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘मेड इन जपान’ या मंचावरील कार्यक्रमांच्या अल्बममध्ये ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ या गाण्याच्या मध्यावर ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो आणि गिलन तो गळ्यातून जसाच्या तसा परत करतो, तुकडे चढत जातात आणि शेवट गिलनच्या किंकाळीत होतो. ऐकताना ही दोस्तांची जुगलबंदी वाटते. प्रत्यक्षात दोघांचे पटेनासे झाले होते. त्यात सततचे दौरे, आजारपणे आणि विश्रांती न देणारे व्यवस्थापन. त्या वर्षाच्या अखेरीस गिलनने राजीनामा दिला आणि जून १९७३ मध्ये ओसाकात शेवटचा कार्यक्रम केला. ब्लॅकमोरला नको असल्याने ग्लोव्हरलाही जावे लागले.

नवा गायक डेव्हिड कव्हरडेल तोवर कपड्यांच्या दुकानात काम करत होता. बासवर ग्लेन ह्यूज आला आणि तोही गात असे. ‘बर्न’ (१९७४) हा अल्बम जोरात चालला, पण दोघांचा ओढा सोल-फंक या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीताकडे होता आणि ब्लॅकमोरला ते रुचेना. ‘ब्लॅक शीप ऑफ द फॅमिली’ हे दुसऱ्या बँडचे गाणे करण्याची त्याची सूचना बाकीच्यांनी फेटाळली. मग ते त्याने गायक रॉनी जेम्स डिओबरोबर केले, त्यातून ‘रेनबो’ हा त्याचा नवा बँड उभा राहिला आणि १९७५ मध्ये त्याने बँड सोडला. जागी आलेला टॉमी बोलिन गुणी होता, पण अमली पदार्थांच्या विळख्यात सापडलेला. मार्च १९७६ मध्ये बँड फुटला; त्याच डिसेंबरात बोलिन पंचविशीत वारला.

१९८४ मध्ये ‘मार्क २’ पुन्हा जमला, ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ हा अल्बम गाजला आणि जुनी भांडणेही परतली. १९८९ मध्ये गिलनला काढून रेनबोचाच माजी गायक जो लिन टर्नर घेतला गेला. मग पुन्हा गिलनला बोलावले. नोव्हेंबर १९९३ मध्ये बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात ब्लॅकमोर पहिल्या गाण्याला उशिरा मंचावर आला आणि चित्रीकरण करणाऱ्या कॅमेरामनवर त्याने पाणी फेकले. त्याच महिन्यात, दौरा अर्धवट टाकून, तो कायमचा गेला. जपानचे कार्यक्रम गिटारवादक जो सॅट्रियानीने निभावून नेले.

यानंतर आलेला गिटारवादक स्टीव्ह मोर्स जवळपास तीन दशके टिकला. यापुढचे बदल भांडणातून झाले नाहीत: लॉर्ड २००२ मध्ये निवृत्त झाला आणि डॉन एअरी आला, पत्नीच्या आजारपणामुळे मोर्सने २०२२ मध्ये बँड सोडला आणि सायमन मॅकब्राइडने गिटार हाती घेतली. २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला, त्या समारंभाला ब्लॅकमोर आला नाही.